झाडूचा मान

“वरून खाली झाडायचं. आधी खिडकीची कड, मग टेबलं, मग जमीन. आणि पाणी शिंपडायचं नाही. ओली काच पिंपाच्या तळाला चिकटते, मग माल परत येतो.”

तुरुंगातल्या मास्तरांचा हा आवाज धाकट्याच्या डोक्यातून जात नसे. सुटून घरी आल्यावरसुद्धा, ताईने दारापुढची जागा झाडायला घेतली की तो उंबऱ्यात बसून मास्तरांच्याच घोगऱ्या सुरात तेवढं म्हणून दाखवी आणि हसे. ताईही हसे. पण हसता हसता ती बादलीतलं ओंजळभर पाणी चहूकडे शिंपडी आणि मगच झाडू लावी. आधी धूळ बसवावी, मग झाडावं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आईला बघून हात शिकले होते.

धाकटा ट्रक चालवायचा. एका संध्याकाळी पिऊन चालवला आणि सायकलवरून घरी चाललेला एक माणूस त्याच्या चाकाखाली गेला. कोर्टात त्याने एकदाही नाही म्हटलं नाही. शिक्षा ऐकली, मान हलवली आणि पोलिसांच्या आधीच स्वतः उठून उभा राहिला. ताईला रडू आलं ते त्या उठण्याचं. लहानपणी छडी खायला तो असाच आपणहून हात पुढे करायचा.

तुरुंगातल्या कारखान्यात जुने टीव्ही आणि संगणकांचे जाडजूड पडदे फोडायचं काम चाले. बाहेरून ट्रक भरून माल येई. पुढच्या शेडमध्ये पेटी खोलून तारा, पत्रे, तांबं वेगळं काढत. आत राहिलेली काचेची मोठी नळी, तिला सगळे हंडा म्हणत, ती मागच्या खोलीत जाई. ती काचखोली. तिथे हंडा हातोडीने फोडायचा, पुढची काच एका पिंपात, मागची दुसऱ्यात. हंड्याच्या आत पांढुरकी पिवळट पूड असे, ती पिठासारखी उडे. म्हणून बंदी लोक काचखोलीला गिरणी म्हणत. “आज गिरणीत कोण?” असं सकाळी विचारत, आणि संध्याकाळी पांढऱ्या भुवयांनी बाहेर पडणाऱ्यांना म्हणत, “या आजोबा, नातवंडं वाट बघतायत.” तोंडाला फडकं बांधायची मुभा होती. फडकं ज्याचं त्याने आणायचं.

या खोलीत सगळ्यांना हवीशी जागा एकच होती, झाडूची. हातोडीवाल्यांचे तळवे रोज कापत, झाडूवाल्याचे कापत नसत. दिवसभर तो हलकी कामं करी आणि शेवटी, सगळे बाहेर पडले की दार लोटून घेऊन खोली अशी लख्ख करी की तपासणीला आलेल्या साहेबाने टेबलावरून बोट फिरवलं तरी डाग दिसू नये. मास्तरांना त्या स्वच्छतेचा अभिमान होता. इतर शेडमध्ये नेऊन साहेबाला ते घाईने बाहेर काढत, काचखोलीत मात्र मुद्दाम थांबत. म्हणून झाडू द्यायचा तो ज्याची वागणूक सगळ्यांत चांगली त्यालाच, असा त्यांचा नेम होता. आणि झाडूवाल्याला रोज एक पेला दूध जास्त मिळे.

ताई भेटीला जाई तेव्हा जाळीपलीकडे उभ्या असलेल्या भावाला दर वेळी तेच सांगे. चांगला वाग. कुणाला उलट बोलू नकोस. सांगतील ते काम आपलं समजून कर, देव बघतोय. आईचं कधी न ऐकणाऱ्या धाकट्याने ताईचं हे सगळं ऐकलं. त्याच्या आधी झाडू एका म्हाताऱ्याकडे होता. त्याच्या पोटात कळा यायला लागल्या, तोंडाची चव गेली, तो हडकला आणि आतल्याच दवाखान्यात जाऊन पडला. वय झालं की पोट बिघडायचंच, असं सगळे म्हणाले. झाडू धाकट्याकडे आला.

“ताई, मला झाडू मिळाला,” त्याने जाळीला तोंड लावून सांगितलं, तेव्हा आजूबाजूच्या भेटीवाल्या बायका वळून बघायला लागल्या. कुणाला काय कळणार. ताईला मात्र कळलं. घरी येऊन ती त्या दिवशी देवापुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ हात जोडून बसली.

तिच्या नवऱ्याने पेपरातून डोकं वर काढलं. “लोकांचे मेहुणे साहेब होतात, आमचा झाडूवाला झाला,” तो म्हणाला. “पण दूध मिळतंय म्हणतेस ना? मग माझ्यापेक्षा बरा आहे. मला या घरात चहातसुद्धा दूध हात आखडून मिळतं.” बोलायला तो असा होता. पण पुढच्या भेटीच्या वेळी धाकट्यासाठी नवा साबण त्यानेच आणून ठेवला.

साबण हवाच होता. ताईला भावाच्या कानांच्या घड्यांत, नखांच्या मुळाशी ती पांढरी पूड दिसायची. हिरड्यांच्या कडेला काळपट रेघ दिसायची. कान धूत जा, दात नीट घास, असं ती लहान मुलाला सांगावं तसं सांगायची. तोंडात सारखं नाणं ठेवल्यासारखी चव येते, असं तो एकदा म्हणाला होता. त्यावर तिने आवळा चघळायला सांगितला होता.

याच भेटींतून तिला उंट कळला. उंट म्हणजे धाकट्याच्या शेजारचा बिछाना. लांब मान, लांब पाय, बरॅकच्या दाराला रोज कपाळ आपटून आत येणारा. घरफोडीत सापडलेला. मागे कुणी नाही, म्हणून भेटीला कुणी नाही. सुट्टीच्या दिवशी घरचा एक सदरा घालायला चाले, तर उंटाकडे तोही नव्हता. धाकट्याने आपल्या वितीने त्याच्या हाताचं माप घेऊन सांगितलं आणि ताईने शिवून पाठवला. दुकानासाठी सदरे शिवणं हाच तिचा धंदा होता. इतक्या लांब बाह्या तिने कुणासाठी कापल्या नव्हत्या. तिने उंटाला कधी पाहिलं नाही, पण खांद्यापासून मनगटापर्यंत तो केवढा आहे हे तिला ठाऊक होतं. त्याचा निरोप आला, “ताईंना सांग, आयुष्यात पहिल्यांदा माझी मनगटं झाकली.”

चांगल्या वागणुकीचे माफीचे दिवस मिळून धाकटा लवकर सुटणार असं ठरलं, तेव्हा झाडूसाठी पुष्कळ जण मास्तरांच्या मागे लागले. धाकट्याने उंटासाठी शब्द टाकला. याच्या अंगावर मांस नाही, याला खोकला आहे, दुधाची गरज यालाच आहे, असं त्याने मास्तरांना परोपरीने सांगितलं. मास्तरांनी मानलं. शेवटच्या संध्याकाळी त्याने उंटाला खिडकीची कड कशी झाडायची ते दाखवलं आणि एक शहाणपण शिकवलं. झाडूसाठी माणसं काहीही बोलतात. म्हाताऱ्याच्या वेळी एकाने उठवलं होतं की झाडणाऱ्याचे केस गळतात, आणि दुसऱ्याच दिवशी स्वतः झाडू मागायला उभा राहिला होता. तेव्हा कुणी पोटात भीती घातली, कुणी माझं नाव सांगितलं, तरी सोडायचा नाही. उंटाने मान डोलावली. त्याची मान डोलायला लागली की लवकर थांबत नसे.

बाहेर आलेल्या धाकट्याला ताईने आपल्याकडेच ठेवून घेतलं. ट्रक पुन्हा चालवायचा नाही, हे त्याचं त्यानेच ठरवलं होतं. तो तिच्याजवळ बसून काजं करी, बटणं लावी. सुरुवातीला बरं चाललं. मग बटणं हातातून निसटायला लागली. सुई पडली की तो ती शोधत बसे आणि सापडली की उचलता येत नसे. “दारू सुटून इतकी वर्षं झाली,” तो म्हणे, “आणि हात आता कापायला लागले. पत्र उशिरा पोचलेलं दिसतंय.” ताई हसे, पण त्याने लावलेली बटणं तो झोपल्यावर उसवून पुन्हा लावी.

पोटात कळ आली की तो गुडघे छातीशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडे. कधी नाही ते तो चिडायलाही लागला. एकदा ताईच्या नवऱ्याच्या, आपल्या मेहुण्यांच्या अंगावर ओरडला, आणि मग सगळी दुपार त्यांच्या चपला पुसत बसला. मेहुण्यांनी त्या घालून बघितल्या आणि म्हणाले, “रोज ओरड. चपला चकाचक राहतील.”

एका सकाळी त्याने चहाचा कप घ्यायला हात पुढे केला आणि पंजा मनगटातून खाली लोंबत राहिला. बोटं मिटत होती, पण पंजा वर उचलला जाईना. तो त्याच्याकडे दुसऱ्याच कुणाची वस्तू बघावी तसा बघत राहिला.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी आधी पीत होता का ते विचारलं. होतो, म्हटल्यावर पुढे काही विचारलं नाही. गोळ्या संपल्या आणि दुखणं तसंच राहिलं, तेव्हा ताई त्याला मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, स्वतःच सर्दीने बेजार होत्या, रुमाल हातातून सुटत नव्हता. त्यांनी काम काय करता विचारलं. ट्रक, तो म्हणाला. त्यानंतर, त्यांनी विचारलं. त्याने ताईकडे बघितलं. ताईनेच सांगितलं, आत होता. बाईंनी आत काय काम होतं ते विचारलं, आणि तो सांगायला लागला. हंडा, गिरणी, पिंपं, मास्तर, खिडकीची कड. बोलताना त्याच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी तेज आलं होतं. आपण खोली कशी लख्ख ठेवायचो, हे सांगताना तो लोंबत्या हाताने हवेत झाडूनही दाखवत होता.

बाईंचा रुमाल नाकापाशीच थांबला होता.

“पाणी न मारता झाडायचात? दार लावून?”

“दार उघडं ठेवलं तर पूड शेडमध्ये जाते. बाकीच्यांना त्रास नको म्हणून.”

“आणि दूध रोज द्यायचे. कशासाठी, ते सांगितलं होतं कुणी?”

“मान असतो तो झाडूचा,” तो म्हणाला.

बाईंनी रुमाल खाली ठेवला. मग सावकाश म्हणाल्या, “पूर्वी शिशाच्या कारखान्यांत कामगारांना दूध द्यायचे. त्याने विष उतरतं असा समज होता. उतरत नाही. पण समज अजून आहे.”

त्या हंड्याच्या काचेत शिसं असतं, पुडीत आणखी काहीबाही असतं, ते श्वासातून आणि हातातोंडातून रक्तात जातं आणि हाडांत जाऊन बसतं, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं. हिरड्यांवरची रेघ त्यांनी बॅटरी लावून बघितली. रक्त तपासायला घेतलं. पुढच्या खेपेला निकाल आला तो त्यांच्या अंदाजापेक्षा वाईट होता. औषध सुरू झालं. मूत्रपिंडं किती वाचतील, हात किती परत येईल, ते आत्ता सांगता यायचं नाही, असं त्या म्हणाल्या. जाता जाता त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

ताईच्या मनात एकच शब्द फिरत होता. दूध. म्हणजे कुणाला तरी ठाऊक होतं. एवढं ठाऊक होतं की पेला भरून द्यावासा वाटला, आणि एवढं नव्हतं की दार उघडावंसं वाटावं. ज्या दिवशी त्या पेल्याची बातमी आली, त्या दिवशी आपण हात जोडून बसलो होतो. आता त्या हातांचं काय करावं हे तिला कळेना. देवाने ते मागणं ऐकलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात आलं, आणि मग असं मनात आलं याचंच वाईट वाटलं. माणसाला चांगलं वाग म्हणून सांगणं वाईट कसं असेल? पण ज्याने ऐकलं नाही, जो मास्तरांशी भांडला, तो पुढच्या शेडमध्ये तारा सोलत धडधाकट राहिला होता.

बसमध्ये धाकटा खिडकीबाहेर बघत होता. आपल्याविषयी तो एक शब्द बोलला नाही. घरी पोचल्यावर, चपला काढताना, तो म्हणाला, “ताई, झाडू आता उंटाकडे आहे.”

त्यानंतर त्या घरात दुसरा विषय उरला नाही. मेहुण्यांनी तुरुंगाच्या कचेरीत फोन लावला. ज्याने उचलला त्याने बंद्याचा नातेवाईक कोण ते विचारलं आणि कुणीच नाही म्हटल्यावर ठेवून दिला. डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याच्या कागदावर लिहून पाठवलं. कारखान्याची हवा तपासलेली आहे, तक्रार नाही, खोली आदर्श म्हणून दाखवली जाते, असं उत्तर त्यांना आलं. त्या वरच्या कचेरीत पुन्हा लिहिणार होत्या. पण वरचं उत्तर यायला काळ लागतो, आणि खोली रोज झाडली जाते.

मग धाकट्याने उंटाला पत्र लिहायचं ठरवलं. आत जाणारं प्रत्येक पत्र वाचलं जातं, कारखान्याविरुद्ध काही असलं की पोचतच नाही, हे त्याला माहीत होतं. म्हणून कारण लिहायचं नाही, असं ठरलं. त्याने सांगितलं, ताईने लिहिलं, कारण त्याच्या हातात पेन धरवत नव्हतं. झाडू सोड, दुसरं काम माग, माझं ऐक, एवढंच. पत्र पोचलं. उत्तरही आलं. आपल्या मोठाल्या, वाकड्या अक्षरांत उंटाने मोठ्या खुशीत लिहिलं होतं की भाऊ, तू सांगितलं होतंस तसंच झालं. तुझ्या नावाने कुणीतरी पत्र धाडलंय, झाडू सोड म्हणून. कारण काही नाही, आणि अक्षरसुद्धा तुझं नाही. बायकी अक्षर आहे. मी काय इतका बावळट आहे का? झाडू सोडला नाही, दूध रोज पितो. पोट मात्र दुधाने जरा दुखायला लागलंय, सवय होईल.

ताईने ते वाचून दाखवलं. धाकट्याने तिला ती शेवटची ओळ पुन्हा वाचायला लावली.

एवढं झाल्यावर ताई एकटीच मास्तरांच्या घरी गेली. तिला वाटलं होतं, दाराशीच बोलणं होईल. पण त्यांनी आत बसवलं, पंखा लावला. धाकट्याचं ऐकून त्यांचा चेहरा उतरला. ते वाईट नव्हते, हेच जड गेलं तिला. पाण्याचं आपण एकदा वर बोलून बघितलं होतं, असं ते म्हणाले. काच घेणारा ठेकेदार ओला माल घेत नाही, आणि माल गेला नाही तर कारखाना बंद पडतो, कारखाना बंद तर माफीचे दिवस बंद. दूध आपल्या आधीच्या मास्तरांपासून चालत आलेलं, आपल्याला वाटलं बक्षीस आहे.

“उंटाच्या हातातून मी उद्या काढून घेईन, ताई,” ते म्हणाले. “पण कुणाला तरी द्यावा लागेल. कुणाला देऊ, ते तुम्ही सांगा.”

दुसऱ्या कुणाचं नाव दिल्याशिवाय झाडू उंटाच्या हातातून सुटणार नाही, हे ताईला कळलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. निघताना तिने, निदान दार तरी उघडं ठेवू द्या, एवढं म्हटलं. बघतो, मास्तर म्हणाले. तो शब्द तिने आयुष्यात इतक्या खिडक्यांवर ऐकला होता की त्याच्यापुढे थांबायचं नसतं हे तिला कळत होतं.

घरी येऊन तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं. धाकटा उठून बसला. मग म्हणाला की दर आठवड्याला मोठ्या साहेबांची हजेरी होते, सगळे बंदी रांगेत असतात आणि ज्याला काही मागायचं त्याने पुढे येऊन मोठ्याने मागायचं असतं. उंटाने तिथे पुढे व्हायचं, पोट दाखवायचं, हिरड्या दाखवायच्या, दूध का देतात ते सगळ्यांच्या देखत बोलायचं. म्हातारा कशाने पडला तेही बोलायचं. मग झाडू घ्यायला दुसरा कुणी पुढे येणार नाही. त्याचे माफीचे दिवस कदाचित जातील. ते त्याला खरं खरं सांगायचं, मग त्याने ठरवायचं.

पण हे सांगणार कोण? सुटलेल्या माणसाला पुढचा काही काळ भेटीला जाता येत नाही. तरी धाकटा दुसऱ्या दिवशी कपडे करून निघाला, फाटकापाशी उभा राहतो, ओरडून सांगतो म्हणाला. गल्लीच्या तोंडापर्यंत गेला आणि पोट धरून किराणा दुकानाच्या पायरीवर बसला. मेहुणे त्याला घेऊन आले. येताना त्याला म्हणत होते, “ओरडून काय, उंट तो. त्याचे कान तुझ्यापासून वर तीन मजल्यांवर.” धाकटा हसला नाही.

दुपारी ताई यंत्रावर बसली होती. तो पलंगावर पडून छताकडे बघत होता. पाय चालवता चालवता तिच्या लक्षात आलं की तो काहीतरी बोलला. तिने चाक हाताने थांबवलं.

“एक माणूस माझ्या हातून गेला,” तो म्हणाला. “तेव्हा मी प्यालेलो होतो. हा मी शुद्धीत असताना जायला नको, ताई. याला तर मी हाताला धरून त्या खोलीत नेलंय.”

ताईचा हात चाकावरच होता.

“तू जा. तुला आत सोडतील.”

तिच्या मनात जे आलं ते तिला सांगायलाही संकोच वाटला. भेटीच्या खिडकीवर नातं विचारतात. उत्तर वहीत लिहून घेतात, खाली सही घेतात. आणि तिचा रोजचा नेम होता, सकाळी देवापुढे म्हणायचा, की आज खोटं बोलणार नाही. लहानपणापासूनचा. फार मोठं व्रत नव्हतं ते, पण तिच्याकडे तेवढंच होतं. तिने शेवटी ते सांगितलं.

धाकट्याने मान तिच्याकडे वळवली. “तो तुला ताईच म्हणतो,” तो म्हणाला. “त्याच्या सदऱ्याची बाही तू कापलीस. आता तूच सांग, खोटं कोणतं होईल. बहीण आहे म्हणणं, की नाही म्हणणं?”

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. दोघांनीही ती घंटी पार जाईपर्यंत ऐकली.

“आणि माझ्यावर विश्वास कसा बसायचा त्याचा?” ताईने विचारलं. “पत्राला तर बायकी अक्षर म्हणाला.”

धाकट्याने विचार केला. पहिल्यांदा त्याच्या तोंडावर जरासं हसू आलं. “तो घोरतो. सगळ्या बरॅकची झोप उडते. मी रोज त्याच्या पायाचा अंगठा ओढायचो, मग थांबायचा. हे आम्हा दोघांशिवाय कुणाला ठाऊक नाही, कारण सकाळी तो शपथेवर सांगायचा की मी घोरतच नाही. त्याला सांग, अंगठा ओढणाऱ्याने पाठवलंय. आणि सांग, मी चुकीचं शिकवलं. माझ्याच तोंडचं आहे म्हण. माझं चुकलं.”

“जाईन,” ताई म्हणाली.

“आज म्हणतेस आणि तिथली भिंत बघून मागे फिरशील.”

“नाही फिरणार. सांगून येईन त्याला. शब्द दिला.”

त्याने डोळे मिटले. तिने चाकावरचा हात काढला, पण शिवण पुढे गेली नाही. दुकानाचे सदरे त्या दिवशी तसेच राहिले.

भेटीच्या दिवशी ती नेहमीसारखी उठली. पूजा केली. रोजचा तो नेम म्हणायला लागली आणि अर्ध्यावर अडखळली. तशीच डोळे मिटून बसली. मग तो शेवटपर्यंत म्हटला, एकही शब्द न गाळता. धाकट्याच्या गोळ्या आणि पाण्याचा तांब्या तिने त्याच्या डाव्या हाताशी ठेवला, कारण उजव्याने त्याला घेता येत नव्हतं. तो झोपला होता, की झोपल्यासारखा पडला होता, तिने बघितलं नाही. नवरा स्वयंपाकघरात स्वतःसाठी चहा करत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, काही थट्टा सुचली असावी, पण ती त्याने केली नाही. छत्री तेवढी तिच्या हातात दिली.

थांब्यावर नेहमीची गर्दी होती, शाळेला निघालेली मुलं, भाजीच्या पाट्या, दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं. भाऊ आत होता तेव्हा ताई नेहमी एक थांबा पुढचं तिकीट काढायची, बाजाराचं, आणि तिथून उन्हातान्हातून मागे चालत यायची. बसमधल्या लोकांना कळू नये म्हणून. ते कुणालाच माहीत नव्हतं, धाकट्यालाही नाही.

बस आली. ती चढली, दांडीला धरून उभी राहिली. कंडक्टरने कुठं म्हणून विचारलं.

“तुरुंग,” ती म्हणाली, हळूच, पण त्याला पुन्हा विचारावं लागलं नाही.